ओझ्याची वाटणी : यंत्र, मराठी आणि रोजचे शिकणे

(हिमायतनगर, हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि व्यक्तिविकास’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी जरा बिचकलेच. मी साहित्य शिकवते, संगणकाचे शास्त्र मला येत नाही. पण विषयाकडे पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की यात मुख्य शब्द ‘विकास’ आहे, म्हणजे शिकणे आहे. आणि शिकणे व शिकवणे या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत. तेव्हा यंत्र कसे बनवतात यापेक्षा, ते हाताशी आल्यावर आपल्या शिकण्याचे काय होते, एवढ्यापुरते बोलण्याचे मी ठरवले.

तयारी म्हणून मी अशाच एका यंत्राला मराठीत साधा प्रश्न विचारला : ‘हिमायतनगरची माहिती सांग.’ क्षणात उत्तर आले. हिमायतनगर हा नांदेड जिल्ह्यातील तालुका, गावाचे जुने नाव वाढोणा, तिथे परमेश्वराचे प्रसिद्ध मंदिर आहे वगैरे. इथपर्यंत सगळे ठीक. पण शेवटच्या परिच्छेदात आपला लिबर्टी चौक आणि नारायणगुडाही त्याच गावात नेऊन बसवलेले! मग मी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. आता उत्तरात फक्त हैदराबादचे हिमायतनगर होते आणि नांदेडचे नावही नव्हते. प्रश्न एक, विचारणारी एक, यंत्र एक. भाषा बदलली आणि गाव बदलले.

आपण हसलात. मीही हसले. पण नंतर बराच वेळ ते उत्तर माझ्या मनातून जाईना, कारण आज मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या एका उत्तरात आहे.

असे का झाले? ही यंत्रे प्रचंड मजकूर वाचून घडवलेली असतात. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे त्या मजकुरावरून ती शिकतात आणि त्या संभवाच्या आधारे एकेक तुकडा जोडत उत्तर रचतात. खरे काय हे पाहून मग लिहायचे, अशी त्यांची मूळ रीत नाही. पुष्कळदा उत्तर खरे निघते, कारण वाचलेल्या मजकुरात खरे पुष्कळ असते. पण जिथे मजकूर तुटपुंजा, तिथे जोडणी सैल होते आणि दोन गावे एक होतात. मराठीत हिमायतनगरविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक नांदेडकडच्या बातम्यांतून. हैदराबादच्या हिमायतनगरात मराठी माणसे कित्येक पिढ्या राहत आली. पण त्यांनी या वस्तीबद्दल मराठीत, संगणकाला वाचता येईल अशा रूपात, फारसे लिहिले नाही. यंत्राने आपल्याला आपलीच गैरहजेरी वाचून दाखवली.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरी भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. परंतु या यंत्रांना जो मजकूर खाऊ घातला जातो त्याचा मोठा भाग इंटरनेटवरचा असतो, आणि तिथल्या मजकुरात मराठीचा वाटा शंभरात एकाएवढाही नाही. त्या एकाचाही लहानसा तुकडा आहे. बोलणारे कोट्यवधी आणि लिहून ठेवलेले मूठभर, ही आपली स्थिती आहे. हे मनात ठेवूनच या यंत्रापाशी जायला हवे.

आता थोडे आपल्या शहराकडे वळू. परकी विद्या आपल्या भाषेत कशी आणायची, हा प्रश्न हैदराबादला नवा नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले होते आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके नव्हती. म्हणून त्याच्या आधीच, १९१७मध्ये, ‘दारुत्तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा कोशकार त्याच्या मुळाशी होता. पुढे जोश मलीहाबादींसारखे कवीही तिथे कामाला होते. विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा अशा विषयांचे शेकडो ग्रंथ उर्दूत आले. एकेका परिभाषिक शब्दासाठी विद्वानांच्या बैठका बसत. शब्द अरबी-फारसी धातूंवरून घडवावा की रुळलेला इंग्रजी शब्द ठेवावा, यावर वाद होत.

या प्रयोगाची दुसरी बाजूही आपल्या घरांना माहीत आहे. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी उर्दूही शिकून घ्यावी लागणारी भाषाच होती. आपल्या आजोबांच्या पिढीतले कित्येक जण घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू आणि अर्ज करायचा तर इंग्रजी, अशा चार पायऱ्या रोज चढत-उतरत. त्यातून त्यांना त्रास झाला आणि त्यातूनच त्यांची समजही रुंद झाली. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. ते आदिलाबाद भागात गेले आणि तिथल्या लोकांची गोंडी भाषा शिकले, त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. उर्दू-फारसीवरील प्रभुत्वाच्या बळावर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. या शिकण्यात वेळ, कष्ट आणि माणसे, तिन्ही होती.

आणि याच हैदराबादेत, संगणकाच्या काळात, याच प्रश्नावर एक वेगळा विचार झाला. त्याची माहिती साहित्याच्या लोकांना फारशी नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी ‘अक्षर भारती’ या सामूहिक नावाने काम करीत. आयआयटी कानपूरला सुरू झालेले त्यांचे काम पुढे हैदराबादला आले. त्यांनी १९९०च्या दशकात ‘अनुसारक’ नावाची प्रणाली तयार केली. तेलुगू, कन्नड, मराठी, बंगाली आणि पंजाबी या भाषांतील मजकूर हिंदी वाचकाला समजावा, हा तिचा हेतू. पुढे गच्चीबावलीच्या आयआयआयटीत भारतीय भाषांच्या यंत्रानुवादावर मोठे काम झाले, त्याच्या मागे ही परंपरा आहे.

अनुसारकाचे वैशिष्ट्य असे की त्याने दिलेली हिंदी गुळगुळीत नसे. ती जाणूनबुजून तशी ठेवलेली होती. मूळ भाषेची ठेवण उताऱ्यात दिसू दिली जाई. शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतील तर यंत्र आपल्या मनाने एक निवडून मोकळे होत नसे. त्या अनेकतेची खूण वाचकासमोर ठेवी. वाचकाने ती भाषा वाचायची थोडी सवय करून घ्यावी अशी अपेक्षा होती. त्यामागे एक तत्त्व होते : माणूस आणि यंत्र यांच्यात ओझ्याची वाटणी करावी. कोश, प्रत्यय, विभक्ती असे जे भाषेच्या नियमांत बसते ते यंत्राने उचलावे. जे जगाच्या ज्ञानावर, प्रसंगावर, अनुभवावर अवलंबून आहे ते वाचकाने उचलावे.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. ते यंत्र आजच्या मानाने दुबळे होते. पण आपले ओझे कुठे संपते आणि वाचकाचे कुठे सुरू होते, हे ते लपवत नव्हते. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि त्यानंतर तशा यंत्रांची रीघ लागली. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२मध्येच सुरू झाली. मद्रास आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ने २०२३मध्ये अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी अनुवादाची प्रणाली खुली केली. ही प्रगती खरी आहे आणि तिचा मला आनंद आहे. पण आजच्या यंत्राचे वाक्य इतके सफाईदार असते की त्यात वाचकाने उचलायचे काही उरले आहे, हेच दिसत नाही. वाढोणा आणि नारायणगुडा एकाच सुरात सांगितले जातात. वाटणी अजूनही आहे; तिची रेघ तेवढी पुसली गेली आहे. ती रेघ प्रत्येकाने स्वतः ओढणे, हाच या काळातला व्यक्तिविकास, असे मला म्हणायचे आहे.

एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारी एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक प्रमाणपत्र सापडले, निजामाच्या काळातले, उर्दूत. काकांना उर्दू बोललेली कळते, पण लिपी येत नाही. नातवाने फोनवर फोटो काढून यंत्राला दाखवला. यंत्राने मराठीत भाषांतर दिले : मॅट्रिकचे प्रमाणपत्र, नाव अमुक, वर्ष १३५० हिजरी, म्हणजे इ.स. १९३१-३२. नातू म्हणाला, ‘झालं आजोबा, काम झालं.’

काकांनी हिशेब केला. वडिलांचा जन्म १९२४चा. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी मॅट्रिक? हे काही जमेना. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मलाही उर्दू लिपी अडखळतच येते. पण सनाच्या आधी महिन्याचे नाव होते ते आम्ही दोघांनी मिळून लावले : ‘खुर्दाद’. हिजरीचे महिने मोहरम, सफर असे असतात. खुर्दाद हा फारसी महिना, आणि हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फसली सन चाले, त्याचे महिने आजुर, दय, बहमन असे फारसी नावांचे. फसली सनात ५९१ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ५९०. १३५० फसलीचा खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल १९४१. वडील तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. सगळे जागच्या जागी बसले.

इथे यंत्राने काही कमी काम केले नव्हते. जुन्या धाटणीचे नस्तालीक त्याने वाचले, शब्द लावले, मराठी केले. हे ओझे काकांना एकट्याने उचलता आले नसते. पण वडिलांचे जन्मवर्ष, आणि या शहरात एके काळी फसली सन चालत असे ही जाण, हे काकांचे ओझे होते. त्यांनी ते उचलले म्हणून कागद खरा वाचला गेला. नातवाने उचलले नव्हते, म्हणून त्याच्यापुरते आजोबांच्या वडिलांचे आयुष्य दहा वर्षे अलीकडे-पलीकडे झाले असते आणि कोणाला कळलेही नसते.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या दिवसापासून काकांनी उर्दू लिपी शिकायला घेतली. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे. यंत्राला ते सांगतात, ‘मला पाच शब्द दे, अर्थ सांगू नकोस, मी आधी वाचतो.’ चुकले की विचारतात, ‘कुठे चुकलो तेवढे सांग, पूर्ण शब्द सांगू नकोस.’ काही दिवसांनी ते म्हणाले, ‘ताई, मास्तर कंटाळत नाही हा याचा गुण. पण मी बरोबर वाचलं तरी शाबास आणि चुकलं तरी शाबास म्हणतो, हा दोष.’ म्हणून आठवड्यातून एकदा ते ओळखीच्या एका वयस्कर उर्दू शिक्षकांकडे जाऊन बसतात. चहा होतो, वाचन होते, आणि खरी शाबासकी तिथेच मिळते, असे ते म्हणतात.

आता वर्गात येऊ. पदवीच्या वर्गाला मी ‘घरातली एक व्यक्ती’ या विषयावर लिहायला सांगितले होते. एका विद्यार्थिनीचे घराणे मूळचे उदगीरकडचे. तिने आजीवर लिहिले. निबंध हाती आला तो स्वच्छ, शुद्ध, आणि कोणाच्याही आजीचा वाटावा असा. मी तिला विचारले, ‘तुझी आजी अशीच बोलते?’ ती गप्प. मग म्हणाली, ‘नाही मॅडम. मी आधी वेगळं लिहिलं होतं. मग यंत्राला शुद्ध करून दे म्हटलं.’ तिने फोनवर पहिला मसुदा दाखवला. त्यात आजी दारातून विचारत होती, ‘काय करायलीस गं?’ दुसऱ्यात आजीने विचारले होते, ‘तू काय करत आहेस?’

‘करायलीस’ हे आपल्या मराठवाड्याच्या बोलीतले रूप. चूक नाही. त्या एका रूपात आजीचे गाव आहे, तिचा स्वर आहे, तिचे नातीवरचे हक्काचे प्रेम आहे. यंत्राने ते काढून टाकले, कारण त्याने वाचलेल्या मजकुरात तसे रूप क्वचितच होते. पण खरे सांगायचे तर दोष यंत्राचाच का मानावा? ‘शुद्ध कर’ असे सांगितल्यावर आपल्यापैकी किती शिक्षकांनी तेच केले असते? पिढ्यानपिढ्या लाल शाईने आम्ही हीच रूपे खोडत आलो. यंत्र आमचेच शिष्य आहे.

मी तिला एवढेच सुचवले की मसुदा पुन्हा दे, पण सुधारून मागू नकोस; कुठे अर्थ अस्पष्ट आहे, वाचणाऱ्याला काय प्रश्न पडेल, एवढे विचार. तिने विचारले. यंत्राने पाचसहा प्रश्न दिले. त्यात एक होता : आजी दारातच का उभी राहते, आत का येत नाही? मुलीला त्याचे उत्तर माहीत नव्हते. तिने घरी जाऊन आजीलाच विचारले. उत्तर काय होते ते मी इथे सांगत नाही, ते तिचे आहे. पण तिसरा मसुदा आला तेव्हा तो तिचाच होता, आणि आजी ‘करायलीस गं’ म्हणत होती.

एकच विद्यार्थिनी, एकच यंत्र. एका वेळी त्याने तिचे लेखन तिच्याकडून काढून घेतले आणि दुसऱ्या वेळी तिला आजीपर्यंत पोचवले. फरक तिच्या मागणीत होता.

हा केवळ माझ्या वर्गाचा अनुभव नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावाचा एक प्रयोग केला. तो २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखे, थेट उत्तर देणारे यंत्र दिले. दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने असे बांधून दिले की ते उत्तर न देता फक्त इशारे देईल. तिसऱ्या गटाला यंत्रच नव्हते. सरावाच्या वेळी तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्याची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी चांगली झाली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. थेट उत्तरे घेणारा गट, ज्यांनी कधी यंत्र वापरलेच नव्हते त्यांच्याही १७ टक्के मागे पडला. इशाऱ्यांवर शिकलेल्यांचे हे नुकसान जवळजवळ टळले. आणि मला सर्वांत बोचणारी गोष्ट ही की आपण कमी शिकलो असे पहिल्या गटातल्या मुलांना वाटलेही नाही.

मित्रहो, अज्ञान आपल्याला ठाऊक असते तेव्हा त्यावर इलाज असतो. शिकलो असे वाटणे आणि शिकलेले नसणे, हा मोठा धोका आहे.

व्यक्तिविकासाचे आणखी एक अंग आहे, त्यावर मोजकेच बोलते. काही विद्यार्थी मला सांगतात की मनातल्या गोष्टी ते रात्री यंत्राशी बोलतात. ते रागावत नाही, हसत नाही, कोणाला सांगत नाही असे त्यांना वाटते. मी त्यांना हिणवत नाही. घरी ऐकणारे कोणी नसेल तर मूल कुठेतरी बोलणारच, आणि मनातला गुंता शब्दांत मांडण्याचा उपयोग होतोच. पण दोन गोष्टी सांगते. एक, तिथे जे लिहितो ते एका कंपनीच्या संगणकावर जाते. तेव्हा आपली आणि दुसऱ्याचीही गुपिते सांभाळून. दुसरी, ही यंत्रे घडवताना माणसांना कोणते उत्तर आवडले याचा हिशेब धरलेला असतो. आणि माणसाला आपली री ओढणारे उत्तर आवडते. त्यामुळे ती पुष्कळदा हो ला हो करतात. मैत्रिणीशी भांडण झाले आणि आपली बाजू सांगितली तर ते आपलीच बाजू घेईल. मैत्रिणीने तिची सांगितली तर तिची. उणे दाखवणाऱ्या माणसाशिवाय कोणी वाढत नाही. मन फारच जड झाले असेल तर घरचे, शिक्षक, डॉक्टर यांच्याकडेच जायला हवे. तिथे यंत्राचे काम नाही.

मग रोजच्या वापरात वाटणीची रेघ कशी ओढायची? माझ्या वर्गात आम्ही चार नेम ठरवले आहेत. ते काही शास्त्र नव्हे, पण उपयोगी पडतात.

पहिला : आधी स्वतःची ओळ. निबंध असो, भाषांतर असो, अर्ज असो, यंत्र उघडण्याआधी कागदावर आपले पाच वाक्यांचे काहीतरी हवे. वाईट असले तरी चालेल. ज्याच्याकडे स्वतःचे काहीच नाही, त्याला यंत्राचे सगळेच बरोबर वाटते.

दुसरा : उत्तराऐवजी प्रश्न मागा. ‘सारांश दे’ म्हणण्यापेक्षा ‘मी हे वाचले, माझी परीक्षा घे’ म्हणा. ‘सुधार’ म्हणण्यापेक्षा ‘कुठे अडखळलास ते सांग’ म्हणा.

तिसरा : नाव, सन, ग्रंथ आणि अवतरण दुसरीकडे पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका. माझ्या एका संशोधक विद्यार्थ्याला यंत्राने एका नामवंत समीक्षकाचा ग्रंथ सुचवला, प्रकाशनवर्षासह. तो ग्रंथ अस्तित्वातच नव्हता. मुलगा दोन दिवस ग्रंथालयात शोधत होता. पडताळणीची साधने आपल्याकडे आहेत. मोल्सवर्थचा कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर आहे. यंत्राने शब्दाचा अर्थ सांगितला तर कोश उघडायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात शेजारचे चार शब्दही डोळ्यांखालून जातात, हा वरकड फायदा.

चौथा : शिकलेले आठवड्यातून एकदा माणसासमोर ठेवा. काका उर्दू शिक्षकांकडे जातात तसे. तेलुगू शिकत असाल तर भाजीवालीशी बोला, ती चूक लगेच दाखवते आणि हसतेही. त्या हसण्याने चूक जन्मभर लक्षात राहते.

शिक्षकांनाही एक विनंती. यंत्रावर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, आणि पकडापकडी करून तर मुळीच नाही. आपण जे प्रश्न देतो ते तपासून पाहू. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ असा निबंध दिला तर यंत्राने लिहिलेला निबंध येणारच, कारण पूर्वीही तो गाइडमधूनच येत होता. ‘तुमच्या गल्लीतली जुनी विहीर कधी बुजली ते तीन वयस्कर माणसांना विचारा आणि लिहा,’ असे दिले तर यंत्राला मुलाच्या मागोमाग चालावे लागते.

आणि लेखकांना शेवटची विनंती. ती पुन्हा मला सुरुवातीच्या उत्तराकडे घेऊन जाते. यंत्राला आपले हिमायतनगर मराठीत माहीत नाही, कारण आपण सांगितले नाही. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा इथल्या मराठी घरांनी काय भोगले, काय उभारले, कोणते शब्द वापरले, हे बरेचसे आठवणींत आहे आणि आठवणी वयस्कर झाल्या आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. तिथे कोणीही लिहू शकतो, पण आधाराशिवाय लिहिलेले टिकत नाही; म्हणून आधी अशा वार्षिकांतून, पुस्तकांतून छापलेला आधार निर्माण करावा लागतो. हे काम अकादम्यांचे आहे, तसेच आपले प्रत्येकाचे आहे. यंत्राने आपल्याला काय द्यावे याची चर्चा खूप होते. त्याला वाचायला आपण काय देणार, याचीही व्हावी.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक पान लिहा. आपल्या गल्लीवर, आपल्या शाळेवर, घरातल्या एखाद्या शब्दावर. स्वतःच्या मराठीत, ‘करायलीस गं’ सकट. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा, त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करा. मग हवे तर यंत्राला दाखवा आणि त्याचे प्रश्न ऐका. पान मात्र आपल्या हाताने पुरे करा. पुढच्या वर्षी मी पुन्हा तोच प्रश्न मराठीत विचारणार आहे, आणि लिबर्टी चौक आपल्या जागी परत आलेला मला पाहायचा आहे.